पदव्युत्तर वर्गाचा पॉडकास्ट: आंतरराष्ट्रीय संबंधांवर खान्देशातून बोलताना

आमच्या पॉडकास्टचा तिसरा भाग प्रसारित झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी धरणगावकडच्या एका जिनिंगचालकांचा (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना चालवणाऱ्यांचा) विभागात फोन आला. "पोरींनो, तुम्ही बोलतात छान, पण रुई वेगळी आणि कापूस वेगळा, हे कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?" एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चूक अशी होती. जागतिक बाजारात कापसाचा भाव एका पौंड वजनाला इतके सेंट असा सांगतात आणि तो सरकी, म्हणजे बी, काढलेल्या रुईचा असतो. आमच्या विद्यार्थिनींनी तो भाव रुपये आणि क्विंटलमध्ये बदलला, बाजार समितीतील कापसाच्या भावाशेजारी ठेवला आणि शेतकऱ्याच्या हातात जगाच्या जेमतेम निम्मा भाव पडतो, असे ठासून सांगितले. हिशेब करून पाहू. पौंडाला ८० सेंट आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर एक किलो रुई साधारण १५० रुपयांना पडते, म्हणजे क्विंटलला १५,००० रुपये. शेतकरी मात्र सरकीसकट कापूस विकतो आणि त्याच्या एका क्विंटलमधून रुई निघते साधारण ३४ किलो. त्या रुईची किंमत झाली ५,१०० रुपये. त्यात सरकीचे पैसे मिळवायचे, जिनिंगचा व वाहतुकीचा खर्च वजा करायचा आणि मग तुलना करायची. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, हे ध्यानात घेतले तर आमचे विधान नुसते ढोबळ नव्हते, ते साफ उलट्या दिशेला जाणारे ठरू शकत होते.

आमच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र शाखा नाही. एम.ए. राज्यशास्त्राच्या वर्गात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासपत्रिका आहेत, त्यांतील मुलामुलींनी पॉडकास्ट सुरू केला आणि मी त्यांचा शिक्षक म्हणून मागे उभा राहिलो. पुढील मजकूर जळगाव, धुळे, नंदुरबारकडील ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना असे काही सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी आहे. यंत्रांविषयी त्यात कमी आणि तयारीविषयी जास्त सापडेल, कारण पॉडकास्ट बंद पडतात ते माईक वाईट असल्यामुळे नव्हे, हे मी जवळून पाहिले आहे.

पहिले काम: विषयाची हद्द

दिल्लीत १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज स्थापन झाले आणि १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. तिथल्या विद्यार्थ्याला दूतावास, निवृत्त राजदूत आणि परदेशी पाहुणे शहरातच भेटतात. आपल्याला त्यांतले काहीच हाताशी नाही, आणि तरीही बहुतेक नवे गट त्यांचीच नक्कल करतात: तीन विद्यार्थी टेबलाभोवती बसतात आणि वर्तमानपत्रात आठवडाभर वाचलेलेच अमेरिका-चीनविषयी पुन्हा बोलतात. ते ऐकण्यासाठी कोणी आपल्याकडे का यावे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

आपल्यापाशी जे आहे ते दिल्लीत नाही. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले, आणि मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसे देऊ नयेत अशी मागणी करणारा १९९४ चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो. त्याआधी, जून १९९२ मध्ये, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने प्रकल्पावर कडक टीका केली होती. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी तपासणारे स्वतंत्र पॅनेल स्थापन केले. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पत्रिकेत हे पॅनेल आपण पाठ करतो, पण त्याच्या मुळाशी असलेल्या गावापर्यंत नंदुरबारहून गाडीने निघता येते, हे वर्गात क्वचितच कोणी सांगते. यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, ते आपण ग्रामीण अधिवेशन म्हणून लक्षात ठेवतो. अध्यक्षपदावरून जवाहरलाल नेहरू तिथे स्पेनमधील यादवी आणि युरोपातील फॅसिझमविषयी बोलले होते, हे सहसा राहून जाते. जळगावच्या सराफ बाजारात जुलै २०२४ मध्ये सोन्याचा भाव अचानक का घसरला, तर केंद्रीय अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले म्हणून. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावले, आणि त्याच महिन्यात केंद्राने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते माफ करून पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. या दोन निर्णयांच्या मधे कापड गिरणी, जिनिंग, व्यापारी आणि चोपड्याचा शेतकरी अशी साखळी उभी आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक कडीशी मराठीत किंवा अहिराणीत बोलता येते.

म्हणून विषय निवडताना गटाने एक वाक्य कागदावर लिहावे: या घटनेमुळे आपल्या भागात कोणाचे काय बदलते? वाक्य लिहिता आले तर विषय पक्का समजावा. मात्र याचा अतिरेकही होतो. आमच्या एका विद्यार्थ्याने युक्रेन युद्धाला केळीच्या घडाशी बांधण्याचा इतका हट्ट धरला की अर्ध्या तासात युद्ध कुठेच उरले नाही. एखादा विषय केवळ समजून घेण्यासारखा आहे म्हणूनही करावा. सहा भागांत असा एखादा चालतो.

माणसे आणि वेळापत्रक

पाच-सहा जण पुरेत. एकाकडे संपादन म्हणजे अंतिम निर्णय, दोघांकडे संशोधन आणि पडताळणी, एक-दोघे निवेदक, एक ध्वनीची बाजू पाहणारा. निवेदकाची जागा सगळ्यांनाच हवी असते आणि पडताळणीची कोणालाच नको असते. त्यामुळे दर हंगामात कामे फिरवावीत, आणि ज्याने एकदा तरी पडताळणी केली आहे त्यालाच माईक द्यावा, असा नियम आम्ही केला. त्यावरून वाद झाला, पण फायदा वादापेक्षा मोठा झाला.

एम.ए. चार सत्रांचे असते. पहिल्या सत्रात विद्यार्थी नवखा असतो, चौथ्यात त्याचे डोळे सेट-नेटकडे किंवा स्पर्धा परीक्षेकडे लागलेले असतात. कामाची सत्रे मधली दोन. म्हणून प्रत्येक कामावर द्वितीय वर्षाचा एक आणि प्रथम वर्षाचा एक अशी जोडी लावावी. दर आठवड्याला भाग काढण्याची घोषणा कृपा करून करू नये. सत्राला सहा भागांचा एक हंगाम ठरवावा, पहिले तीन भाग तयार झाल्याशिवाय एकही प्रसारित करू नये, आणि परीक्षा, दिवाळी व लग्नसराईचे आठवडे आधीच कॅलेंडरवर खोडून टाकावेत. केळीच्या मृगबाग आणि कांदेबाग या दोन लागवडींचे नियोजन करणाऱ्या घरांतील मुलांना हे समजावून सांगायला फार वेळ लागला नाही.

संशोधन: जिथे खरा वेळ द्यायचा

अर्ध्या तासाच्या एका भागाला आमचे साधारण तीन आठवडे लागतात आणि त्यांतील दोन आठवडे इथे जातात. वर्तमानपत्रातील बातमी ही सुरुवात असते, आधार नव्हे. परराष्ट्र धोरणाविषयी सरकारची भूमिका हवी असेल तर लोकसभा आणि राज्यसभेत परराष्ट्र मंत्रालयाने दिलेली लेखी उत्तरे पाहावीत. ती सगळ्यांना खुली असतात आणि त्यांतील शब्द मोजून-मापून घातलेले असतात. व्यापाराचे आकडे हवे असतील तर वाणिज्य मंत्रालयाचा आयात-निर्यात माहितीकोश उघडावा. तिथे वस्तूचे नाव शोधत बसण्यापेक्षा जगभर चालणारा वस्तू-संकेतांक टाकावा: केळी ०८०३, पिंजण्याआधीची रुई ५२०१. हे चार अंक भारतात, इराणात आणि ब्राझीलमध्ये सारखेच असल्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवता येतात.

तरीही दोन ठिकाणी पाय घसरतो. भारताचे आकडे बहुधा एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचे असतात, तर संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारकोशात जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरतात. दोन्हींची सरमिसळ केली की नसलेली वाढ किंवा घट दिसू लागते. दुसरी अडचण मापांची. भारतात रुईची गाठ १७० किलोची, अमेरिकेत ४८० पौंडांची म्हणजे जवळजवळ २१८ किलोची. आणि आपल्याकडचा व्यापारी भाव सांगतो तो खंडीचा, म्हणजे सुमारे ३५६ किलोंचा. मापे नीट न पाहता ‘इतक्या लाख गाठी’ असे वाक्य वाचले की चूक आपोआप घडते. संहितेत प्रत्येक आकड्यापुढे कंसात तो कुठून घेतला आणि कोणत्या मापात आहे, हे लिहिण्याची सवय आम्ही त्या फोननंतर लावून घेतली. कंस वाचायचा नसतो, पण तो रिकामा असेल तर आकडाही वाचायचा नाही.

पडताळणी करणाऱ्याने संहिता लिहिणाऱ्याला प्रश्न विचारायचे, आणि लिहिणाऱ्याने राग मानायचा नाही. एक उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूती बंडखोरांनी लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपकडे जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जाऊ लागली. आमच्या संहितेत वाक्य होते: ‘या हल्ल्यांमुळे रावेरची केळी दुबईच्या वाटेवर अडकली.’ पडताळणी करणाऱ्या मुलीने भिंतीवरचा नकाशा दाखवून विचारले, "दादा, न्हावाशेव्याहून जेबेल अलीला जाताना लाल समुद्र कुठे लागतो?" लागत नाही. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदराकडे जाणारे जहाज अरबी समुद्रातून ओमानच्या आखातात आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीतून पलीकडे जाते. लाल समुद्राचा परिणाम झालाच तर तो कंटेनरच्या टंचाईतून आणि भाड्यातून आडवळणाने होणार, आणि तो झाला की नाही हे निर्यातदाराला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. वाक्य कापले गेले, निर्यातदाराची मुलाखत ठरली आणि तोच भाग त्या हंगामातील सर्वांत चांगला ठरला. व्यापार, युद्ध, स्थलांतर यांतील कोणताही विषय असो, संहिता पुरी होण्याआधी नकाशा उघडून त्यावर बोट फिरवावे.

मुलाखत

पाहुणे मिळत नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. निवृत्त राजदूत दूरध्वनीवरून बोलतात; परराष्ट्र मंत्रालयातर्फे विद्यापीठांमध्ये निवृत्त राजदूतांची व्याख्याने होतात, त्या वेळी अर्धा तास मागून घेता येतो. परंतु आखातात दहा वर्षे काम करून परतलेला भुसावळचा फिटर, निर्यातीचा माल पॅक करून घेणारा सावद्याचा व्यापारी, परदेशात वैद्यकीय शिक्षण घेत असताना युद्धामुळे परतावे लागलेली धुळ्याची विद्यार्थिनी, हे पाहुणे राजदूतापेक्षा कमी नाहीत. त्यांना आपण ‘सामान्य माणसाची प्रतिक्रिया’ म्हणून दोन वाक्यांपुरते वापरतो, ती चूक करू नये.

प्रश्न कसा विचारावा, यावर एक पूर्ण तासिका खर्च करावी. ‘भारत-इराण संबंधांबद्दल आपले मत काय?’ असे केळीच्या व्यापाऱ्याला विचारले, तर तो सभ्यपणे वर्तमानपत्रातलेच उत्तर देतो. त्याऐवजी आमच्या विद्यार्थिनीने विचारले, "काका, कंटेनर बंदरात अडकल्याचं तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं, आणि त्या वेळी आतलं तापमान किती होतं?" काका खुर्चीत पुढे सरकले. केळी १३ ते १४ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, त्याखाली तापमान गेले की साल काळवंडते, वर गेले की फळ वाटेतच पिकते. कंटेनर बंदरात उभा राहिला तरी वीज चालू ठेवावी लागते आणि तिचे बिल रोज वाढते. बोलता बोलता ते पैसे कोणत्या चलनात आणि किती उशिरा येतात यावर आले, तिथून इराणवरील आर्थिक निर्बंधांवर, आणि निर्बंधांवर त्यांनी जे सांगितले ते आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. आधी वस्तू, मग घटना, मग निर्णय आणि शेवटी मत, हा क्रम जवळजवळ नेहमी लागू पडतो.

मुलाखतीच्या आधी दहा मिनिटे माईक बंद ठेवून बोलावे, पण मुख्य प्रश्न तेव्हा विचारू नयेत. पहिल्यांदा सांगताना जी ताजेपणाची धार असते, ती दुसऱ्यांदा येत नाही. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर पाहुण्याने स्वतःच्या तोंडाने नाव, गाव आणि ‘हे प्रसारित करायला माझी हरकत नाही’ हे वाक्य म्हणावे. कागदावरील सहीपेक्षा हे सोपे जाते आणि पुरावाही राहतो. विस्थापित कुटुंबे, परदेशातून कर्ज घेऊन परतलेले कामगार, ज्यांची प्रकरणे अजून कचेरीत अडकली आहेत असे लोक, यांना प्रसारणापूर्वी संपादित भाग ऐकवावा आणि ते म्हणतील ते वगळावे. अशा ठिकाणी पत्रकारितेचा ताठा उपयोगाचा नाही.

सेवेत असलेल्या सरकारी अधिकाऱ्याला माध्यमांशी बोलण्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागू शकते. ती त्यानेच मिळवावी, पण आपण आठवण करून द्यावी. काही जण माहिती देतात, नाव मात्र नको म्हणतात. लंडनच्या चॅटम हाउसमध्ये १९२७ मध्ये याच अडचणीतून एक नियम तयार झाला, आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या जगात तो आजही चालतो: बैठकीतली माहिती वापरता येते, पण ती कोणी दिली आणि बैठकीला कोण होते, हे सांगायचे नाही. हा नियम लागू आहे की नाही, हे बोलणे सुरू होण्याआधी ठरवायचे असते. बोलून झाल्यावर ‘हे नावाशिवाय घ्या हं’ अशी विनंती आली, तर आम्ही ती पाळतो. पण पुढच्या वेळी आधीच विचारतो.

संहिता आणि भाषा

बोलायची संहिता डोळ्यांसाठी लिहिलेली नसावी. वाक्य मोठ्याने वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागला तर ते तोडावे. आकडे अक्षरांत लिहावेत, परदेशी नावांचा उच्चार आधी ठरवावा. एकाच भागात दोन निवेदकांनी एकाच शहराची दोन नावे घेतली की श्रोत्याला दोन शहरे वाटतात. ‘बहुध्रुवीयता’, ‘सामरिक स्वायत्तता’ हे शब्द परीक्षेत हवेतच, पण पॉडकास्टमध्ये ते पहिल्यांदा आले की लगेच एका उदाहरणाने फोडून सांगावेत, नाहीतर वगळावेत.

निवेदन प्रमाण मराठीत असावे की अहिराणीत, यावर आमच्याकडे बरेच वाजले. जे ठरले ते असे: निवेदन मराठीत, माणूस त्याच्या बोलीत. साक्री-शिरपूरकडे ‘औंदा कापूसले काय भाव भेटना?’ असे विचारले की उत्तरही मोकळे येते. रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली. अहिराणी आणि लेवा बोलीतील मजकूर तसाच ठेवावा, फार तर एखाद्या शब्दाचा अर्थ निवेदकाने सांगावा. पावरी किंवा भिली बोलणाऱ्याचा मूळ आवाज काही सेकंद ऐकू द्यावा आणि मग त्यावर मराठी अनुवाद घ्यावा. अनुवाद त्याच समाजातील विद्यार्थ्याने केलेला असावा, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत यावे. शेतकऱ्याच्या बोलण्याला निवेदकाने ‘म्हणजे त्यांना असं म्हणायचं आहे की’ अशी प्रमाणभाषेची इस्त्री करू नये.

ध्वनिमुद्रण

यंत्रांवर थोडक्यात. सुरुवातीला मोबाइल आणि कॉलरला लावायचे दोन माईक पुरतात. गट एक वर्ष टिकला तर यूएसबीवर चालणारा एक डायनॅमिक माईक घ्यावा. तो आसपासचा गोंगाट कमी पकडतो. तोंडापासून माईक वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. ध्वनीची पातळी दाखवणारा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचावा, शून्याला टेकू नये. मूळ मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झला करावे. एका मार्गिकेला (ट्रॅकला) मिनिटाला साधारण ५.३ एमबी जागा लागते, म्हणजे चाळीस मिनिटांना दोनशेहून थोडी जास्त.

खरी अडचण खोलीची. वर्गखोली रिकामी आणि टणक असते, आवाज घुमतो. आम्ही विभागातील वह्या-पुस्तकांच्या लहान खोलीत तीन भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि टेबलावर एक घडी करून टाकली. त्याहून स्वस्त आणि चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. पंखा बंद करावाच लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये जळगावात बंद खोलीत पंख्याशिवाय दुपारी कोणी बोलू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यातील मुद्रण सकाळी साडेसहाला. भुसावळच्या आसपास रेल्वेच्या भोंग्याची वेळ पाहावी, लग्नाच्या तिथी पाहाव्यात. बोलणे संपल्यावर सर्वांनी तीस सेकंद गप्प बसून खोलीचा नुसता आवाज मुद्रित करावा. संपादनात दोन वाक्यांमधली फट भरायला तो लागतो. हे तीस सेकंद कोणालाही पाळवत नाहीत, कोणीतरी हसतेच.

संपादन

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आधी पूर्ण मुद्रण ऐकून कागदावर वेळेनिशी नोंदी कराव्यात, मग कात्री लावावी. ऐकता ऐकता कापणारा नेहमी जास्त कापतो. अडखळणे सगळे काढू नये. माणूस विचार करताना थांबतो, ती विश्रांती ठेवावी. मात्र उत्तराचा अर्थ बदलेल असा तुकडा कधीही जोडू नये. ‘निर्बंध योग्य होते, पण त्यांची किंमत आम्ही मोजली’ या वाक्यातील ‘पण’च्या आधीचे किंवा नंतरचे एकटे ठेवणे, म्हणजे पाहुण्याच्या तोंडी न बोललेले घालणे. एकूण आवाजाची पातळी एकमार्गी (मोनो) ध्वनीसाठी उणे १९ आणि दुहेरीसाठी (स्टिरिओ) उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) ठेवावी, म्हणजे श्रोत्याला प्रत्येक भागाला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. शेवटी ६४ केबीपीएसची एकमार्गी एमपीथ्री फाइल काढावी. अर्धा तास साधारण १४-१५ एमबीत बसतो, आणि धडगावसारख्या ठिकाणी, जिथे नेटवर्क डोंगराच्या मर्जीवर चालते, तिथे हा आकडा महत्त्वाचा आहे.

कायद्याच्या तीन गोष्टी

चित्रपटगीताचे तीस सेकंद वापरले तर चालते, ही समजूत चुकीची आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. सुरुवातीचे संगीत स्वतः मुद्रित करावे. आमच्या भागाची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या आजीच्या जात्याच्या घरघरीने होते. पावरी हे वाद्य वाजवणारा कलावंत मिळाला तर उत्तम, फक्त त्याची परवानगी आणि मानधन विसरू नये.

मुखपृष्ठावर भारताचा किंवा जगाचा नकाशा टाकण्याचा मोह आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या प्रत्येक गटाला होतो. इंटरनेटवरील बहुतेक फुकट नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाही, आणि असा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनुसार शिक्षापात्र आहे. आमच्या एका मुखपृष्ठाची हीच चूक छपाईवाल्याने दाखवली, आम्ही नव्हे. नकाशा टाळावा, किंवा अधिकृतच घ्यावा.

तिसरी गोष्ट महाविद्यालयाची. प्राचार्यांकडून एक लेखी परवानगी सुरुवातीलाच घ्यावी, आणि ‘व्यक्त झालेली मते वक्त्यांची आहेत’ हे वाक्य प्रत्येक भागात यावे. परवानगीच्या पत्रात प्रत्येक भाग आधी मंजूर करून घेण्याची अट येऊ पाहते. तिच्याऐवजी शिक्षक-मार्गदर्शकाने संहिता वाचण्याची अट मान्य करून घ्यावी. शेजारी देशांविषयी बोलताना हा फरक फार मोठा पडतो.

प्रसारण

फाइल एका होस्टिंग सेवेवर चढवायची, ती सेवा आपल्या कार्यक्रमाचा आरएसएस फीड तयार करते (या तीन अक्षरांवरून आमच्या एका पालकांचा गैरसमज झाला होता, इथे त्यांचा अर्थ एवढाच की नवा भाग आला की सगळ्या ॲपना आपोआप कळवणारी यादी), आणि तो फीड ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय यांना एकदाच द्यायचा असतो. मुखपृष्ठाचे चित्र चौकोनी, कमीत कमी १४०० आणि जास्तीत जास्त ३००० पिक्सेलचे असावे. कोणत्याही एका कंपनीवर विसंबू नये. गूगल पॉडकास्ट्स ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्यावरच अवलंबून असलेल्यांचे श्रोते विखुरले.

आपला श्रोता मात्र यांतील एकही ॲप उघडत नाही, हे धरून चालावे. तो यूट्यूबवर ऐकतो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली फाइल दाबतो. म्हणून यूट्यूबवर स्थिर चित्रासह भाग टाकावा, आणि दीड-दोन मिनिटांचा निवडक तुकडा गावच्या, भाऊबंदकीच्या, शेतकरी गटांच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा. ऐकणाऱ्यांच्या आकड्याकडे पहिले वर्षभर पाहू नये. जिनिंगवाल्यांसारखा एक फोन त्याहून अधिक सांगतो.

त्या चुकीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. जुना भाग गुपचूप काढून टाकावा असे काहींचे मत होते. आम्ही तेव्हा तो ठेवला, त्याच्या वर्णनात पहिल्याच ओळीत चूक काय होती ते लिहिले, आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला, शेवटी नव्हे, निवेदिकेने हिशेब पुन्हा मांडून दाखवला. जिनिंगचालक काकांनाच पाहुणे म्हणून बोलावले. ते येताना मूठभर कापूस, मूठभर रुई आणि सरकी अशा तीन पुड्या घेऊन आले, आणि माईकसमोर त्या उघडून त्यांनी एकेक नाव सांगितले. ध्वनिमुद्रणात पुड्या दिसत नाहीत, पण कागदाचा आवाज येतो.

पुढच्या तुकडीकडे सोपवणे

आमचा सुरुवातीचा अख्खा हंगाम आज कुठेही ऐकू येत नाही. होस्टिंगचे खाते एका विद्यार्थ्याच्या वैयक्तिक ईमेलवर होते, पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा जुने सिम बंद झाले होते. त्याचा काही दोष नव्हता. खाते उघडताना मीच शेजारी बसलो होतो. मूळ फाइली ज्या पेनड्राइव्हवर होत्या, त्यावर कोणीतरी लग्नाचा व्हिडिओ भरून नेला.

आता विभागाच्या नावाचा एक ईमेल आहे आणि विभागाच्या नावाने घेतलेले एक सिम आहे. ते एका साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवलेले असते, आणि त्याचे रिचार्ज चुकू नये म्हणून तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. सर्व मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर असतात, त्यांतील एक ग्रंथालयात. फेब्रुवारीत, म्हणजे परीक्षेची धावपळ सुरू होण्याआधी, प्रथम वर्षाचे विद्यार्थी एक पूर्ण भाग द्वितीय वर्षाच्या मदतीशिवाय तयार करतात. द्वितीय वर्षाचे शेजारच्या खोलीत बसतात आणि हाक मारल्याशिवाय आत येत नाहीत. त्यानंतर एका जाड वहीत प्रत्येक पाहुण्याचे नाव, त्याला कोणत्या वेळी फोन केलेला चालतो, त्याने काय सांगू नका म्हटले होते आणि कोणता आकडा कुठून घेतला, हे जुनी तुकडी स्वतःच्या हाताने लिहिते. वहीच्या पहिल्या पानावर रुई, सरकी, कापूस, गाठ, खंडी हे पाच शब्द आणि त्यांचे किलोंतले हिशेब लिहिलेले आहेत, आणि त्याखाली जिनिंगच्या काकांचा नंबर.